अर्धा आटा

रंगारी गल्लीत पाणीचोर आहे, हे पहिल्यांदा मशीननं सांगितलं. माणसं नंतर बोलायला लागली. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

तांबोळगावच्या नगरपरिषदेनं २०३८ सालच्या उन्हाळ्यात 'जलतोल' बसवलं, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी गावात पाणी सोडायला चावीवाले होते. चार फुटी लोखंडी चावी सायकलला बांधून हिंडायचे, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचे आणि व्हॉल्व्ह फिरवायचे. कुणाच्या गल्लीला जास्त, कुणाला कमी, नगरसेवकाच्या दारात धो धो, असं सगळं चालायचं. जलतोलनं ते मोडून काढलं. गावातल्या चौसष्ट व्हॉल्व्हवर मोटरी बसल्या, घरोघरच्या नळाला मीटर बसले, आणि व्हॉल्व्ह किती उघडला त्यावरून गल्लीत किती सोडलं अन् मीटरवरून घरांत किती पोचलं हे मशीन मिनिटामिनिटाला ताडून बघायला लागलं. फरक निघाला तर कारणं दोनच, गळती नाहीतर चोरी. गळतीचा आवाज ओळखणारे कान पाइपांना बसवले होते. ते गप्प असले की चोरी. मग मशीन त्या गल्लीचा वेळ आपोआप कापायचं, तासावरून चाळीस मिनिटांवर, चाळिसावरून विसावर. यात माणसाचा हात कुठंच नाही, म्हणून वशिला नाही, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. नूतन खडकेनंही वाजवल्या होत्या, आणि पुढं तिला ते फार डाचलं.

नूतन म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेली. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. साड्यांवर भरतकाम करणाऱ्या कॉम्प्युटर मशीनची सर्किटं ती दुरुस्त करायची. चाळिशी आली, लग्न केलं नाही, आणि तिला त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. घरात ती आणि वडील, दगडूअण्णा. अण्णा एकतीस वर्षं नगरपरिषदेत चावीवाले होते आणि जलतोल यायच्या आदल्या वर्षी निवृत्त झाले. भिंतीला भिंत लावून कमरुन्निसाचं घर. कमरू आणि नूतन पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या, एकीच्या घरी भाजी झाली की वाटी दुसरीकडे जाणारच.

त्या कमरूचं स्वयंपाकघर नूतननं खणायला लावलं.

झालं होतं असं. गल्लीत एकेचाळीस घरं. मशीनच्या म्हणण्याप्रमाणे रोज दुपारी चारला गल्लीत पाणी भरपूर सुटत होतं आणि घरांत पोचत होता त्याचा तिसरा हिस्सा. दोन महिन्यांत गल्लीचा वेळ विसावर आला. बायका एकमेकींच्या मोऱ्यांत डोकावायला लागल्या. 'तुमच्याकडं रोज धुणं कसं गं निघतं' असले प्रश्न सुरू झाले. आणि नूतनला दुपारी चार वाजले की कमरूकडच्या भिंतीतून बारीक गुणगुण ऐकू यायची. गुंईऽऽ करून दोन मिनिटं, मग बंद. पाणी ओढायची चोरटी मोटर, दुसरं काय असणार! दोन दिवस तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, ती म्हणाली, "कमरू, तुझ्या फरशीखाली मोटर आहे. मला रोज ऐकू येते."

कमरूनं शपथा घेतल्या नाहीत की ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "खणा."

नगरपरिषदेची माणसं आली, ओटा सोडून सगळी फरशी उखडली. खाली मुरूम निघाला, आणखी मुरूम निघाला. मोटर नाही की पाइप नाही. माणसं पहारी उचलून गेली, कारण फरशी परत बसवणं हे त्यांच्या कामात येत नव्हतं. कमरूनं मातीवर गोणपाट अंथरलं आणि स्वयंपाक चालू केला. त्या दिवसापासून ती नूतनशी एक शब्द बोलली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता भिंतीतून परत गुंईऽऽ.

नूतन खुर्चीवरून उठलीच. हातात तिच्याच दुकानातलं सर्किटचं एक कार्ड होतं, भरतकामाच्या मशीनचं, आणि टेबलावर त्याची मोटर तारांना जोडलेली होती. गिऱ्हाइकानं चुकीचं कार्ड लावल्यामुळं ती मोटर अडकून गुणगुणत होती. तोच सूर, अगदी तोच. वीस वर्षं जो आवाज ऐकून ती पोट भरत होती, तो तिला भिंतीपलीकडून ओळखू आला नाही. आला कसा असता, डोक्यात चोर बसला होता ना! कमरूच्या भिंतीला लागून रस्त्यात सदतीस नंबरच्या व्हॉल्व्हचं चेंबर होतं. आवाज तिथला होता.

इथं जरा थांबून त्या मोटरीचं सांगायला हवं. साधी मोटर वीज दिली की फिरत सुटते. व्हॉल्व्हवर आणि भरतकामात असते ती स्टेपर मोटर तशी नाही, ती पावलं टाकते. आतल्या तारेच्या गुंडाळ्यांना एकीमागून एक वीज दिली की दांडा एकेक पाऊल सरकतो, दोनशे पावलांचा एक फेरा. कुठल्या गुंडाळीला कधी आणि किती वीज द्यायची ते ठरवणारं सर्किटचं कार्ड म्हणजे तिचा ड्रायव्हर. ड्रायव्हरनं दोनशे वेळा हाकारलं की एक फेरा झाला, असं धरून चालायचं. दांडा खरंच फिरला का हे बघायला वेगळं काही बसवावं लागत नाही, म्हणून हे काम स्वस्तात होतं.

पण ड्रायव्हर मोटरीला साजेसा हवा. मोटरीला चार अँपिअर लागत असतील आणि ड्रायव्हर दोनच देत असेल, तर मोकळी असताना ती फिरेल, आणि ओझं आलं की जागच्या जागी थरथरेल. ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नसतो. तो आपला मोजत राहतो. भरतकामात अशी पावलं चुकली तर साडीवरच्या फुलाची पाकळी बाजूला सरकते आणि गिऱ्हाईक बोंब मारतं. जमिनीखाली कोण बघायला जातं?

नूतन गेली. दुसऱ्या दिवशी पहारीनं झाकण उचललं, व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपल्या कपाळाची लाल टिकली चिकटवली आणि चार वाजता उकिडवी बसून फेरे मोजले. पूर्ण उघडायला चोवीस फेरे लागतात, असं तिथंच पत्र्यावर लिहिलेलं होतं. मशीन व्हॉल्व्ह तीन टप्प्यांत उघडायचं, आठ आठ फेऱ्यांत. पहिल्या टप्प्याला मोटर नुसती गुणगुणली. दुसऱ्यालाही. त्या थरथरीनं काय ढिलं व्हायचं ते झालं आणि तिसऱ्या टप्प्याला टिकली फिरली. आठ फेरे. फोनवर जलतोलच्या पानावर लिहून आलं, 'व्हॉल्व्ह ३७, शंभर टक्के उघडा.'

तिनं वाकून पाट्या वाचल्या. मोटरीवर चार पूर्णांक दोन अँपिअर, ड्रायव्हरवर दोन. एवढ्या एका आकड्यापायी एकेचाळीस घरं चोर ठरली होती, आणि तिनं स्वतः जाऊन आपल्या मैत्रिणीच्या घरावर पहार चालवली होती. नूतनला इतका संताप आला की झाकण बसवताना बोट चेमटलं तेही तिला कळलं नाही.

पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर साळवी, तिशीतला, बोलायला गोड माणूस. नूतन त्याच्या टेबलापुढं फोटो आपटून उभी राहिली. त्यानं फाइल काढली, आणि खरं सांगायचं तर लपवलं काही नाही. ठरलेला ड्रायव्हर वेगळा होता, मोटरीला पुरून उरणारा, आणि मोटर अडली तर ओळखणाराही. तो वेळेवर आला नाही, उद्घाटनाची तारीख तर पडलेली. ठेकेदारानं हा दिला, चाचणीत चालला, सही झाली. मग साळवीनं फाइल मिटली आणि तिला एकच प्रश्न विचारला. "ताई, हीच मोटर आणि हाच ड्रायव्हर चौसष्ट ठिकाणी आहे. त्रेसष्ट ठिकाणी बिनतक्रार चालतंय. मग तुमच्याच गल्लीत का अडतं?"

नूतननं फोटो गोळा केले. साळवीनं तिला सांगितलं की सोमवारी चार वाजता तो जागेवर येऊन पंचनामा करील. फरकाचं कारण त्या दिवशी मशीनमध्ये भरावंच लागेल. कारण सिद्ध झालं नाही तर चोरी कायम धरली जाईल आणि गल्लीला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पाणी, नेहमीसाठी. हेही त्यानं गोडच आवाजात सांगितलं.

उत्तर तिला शनिवारी मिळालं, आणि तेही स्वतःच्याच घरातून बाहेर पडताना दिसलं.

पाणी जाऊन दहा मिनिटं झाली होती. अण्णा मागच्या दारानं निघाले, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. ती दुकानातून बघत राहिली. त्यांनी चेंबरचं झाकण सरकवलं, गोणपाट सोडलं, आतून चावी काढली. कचेरीची चावी निवृत्तीच्या दिवशी त्यांनी जमा केली होती. ही दुसरी, लोहाराकडून करून घेतलेली, मूठ हातानं घासून चांदीसारखी झालेली. वीज गेली तर हातानं फिरवता यावं म्हणून व्हॉल्व्हवर चौकोनी तोंड ठेवलेलं असतं. तिथं चावी दाबली की मोटर दांड्यापासून सुटी होते, काढली की परत जोडली जाते. अण्णांनी चावी दाबली, पाय रोवले, आणि मशीननं बंद केलेला व्हॉल्व्ह आणखी अर्धा फेरा कसला. अर्धा आटा.

झालं. बाकीच्या त्रेसष्ट व्हॉल्व्हजवळ दगडूअण्णा राहत नव्हते.

घरात आल्यावर नूतन त्यांच्यावर तुटून पडली. किती दिवस करताय, कुणी सांगितलं, कळतं का काही, असं काय काय बोलली ते तिचं तिलाही आठवत नाही. अण्णा मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मशीन बंद करतं ते नीट बंद होत नाही, व्हॉल्व्ह ठिबकत राहतो. एकतीस वर्षं त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करून वर अर्धा आटा दिला होता, त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं तसा. ठिबकणारा व्हॉल्व्ह मागं टाकून घरी जेवायला बसणारा चावीवाला त्यांना माहीत नव्हता.

"रोज दोन हंडे पाणी मातीत जात होतं गं," ते म्हणाले. "मला ऐकू यायचं. झोप लागंना."

"त्या दोन हंड्यांसाठी तुम्ही गल्ली तहानेनं मारली, अण्णा."

हे बोलल्याबरोबर तिला वाटलं जीभ हासडावी. म्हातारा माणूस एवढासा झाला. पण शब्द गेला तो गेला.

मग तिनं त्यांना बजावलं की सोमवारी तोंड उघडायचं नाही. स्वयंचलित व्हॉल्व्हला हात लावणं हा जलतोलच्या नियमात गुन्हा होता. त्या घराचा नळ पाच वर्षं बंद, आणि नाव नगरपरिषदेच्या फळ्यावर. ती ड्रायव्हरवर भांडेल, पाट्या दाखवील, टिकली दाखवील. अण्णांचं नाव येणार नाही. उद्यापासून चावी माळ्यावर टाका, म्हणाली.

रविवारी त्यांनी चावीला हात लावला नाही. आणि सोमवारी काय व्हायचं ते नूतनच्या ध्यानातच आलं नाही. एवढी हुशार बाई, पण रागात माणसाला पुढचं दिसत नाही हेच खरं.

सोमवारी चारला सगळी गल्ली चेंबरभोवती जमली. कमरूही होती, मागं, आपल्या उंबऱ्यावर. साळवीनं झाकण काढायला लावलं, टॅबलेटवरून व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम दिला. आणि मोटर फिरली! आदल्या दिवशी अर्धा आटा बसलाच नव्हता, मग अडणार कशाला? टिकलीनं चोवीसच्या चोवीस फेरे घेतले. घराघरांतून नळ वाहिल्याचा आवाज आला. बायका आनंदानं आत धावायला निघाल्या, आणि नूतनच्या पायाखालची जमीन सरकली.

साळवीनं मान हलवली. मशीन ठीक आहे, म्हणाला. आज पूर्ण उघडलं, आज फरकही येणार नाही, कारण पंचनामा आहे म्हटल्यावर चोरानं आज हात आवरला. इतके दिवसांचा फरक म्हणजे चोरीच. नूतननं पाट्या दाखवल्या, चार आणि दोन अँपिअर ओरडून सांगितले, टिकलीचं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचं बोट टॅबलेटवर 'चोरी' या शब्दाकडं चाललं होतं. एक वाक्य बोललं की सगळं थांबणार होतं. ते वाक्य नूतनच्या घशात होतं. गल्ली एकीकडं आणि बाप एकीकडं, आणि तिनं ओठ मिटून घेतले. हे तिनं केलं, ते लपवून कशाला ठेवायचं.

"साहेब, थांबा जरा."

अण्णा गर्दीतून पुढं आले. काखेत गोणपाट होतं.

"बंद करा व्हॉल्व्ह," ते म्हणाले. साळवीनं का कुणास ठाऊक, केला. अण्णांनी गोणपाटातून चावी काढली. त्यांनी ती दाबली, पाय रोवले, अर्धा आटा दिला, चावी काढली आणि बाजूला झाले. "आता उघडा तुमच्या मशीननं."

साळवीनं हुकूम दिला. गुंईऽऽ. टिकली जागची हलली नाही. दुसरा टप्पा, गुंईऽऽ. तिसऱ्याला कुठं आठ फेरे झाले आणि टॅबलेटवर शंभर टक्के उमटलं. साळवीनं तो आकडा पाहिला, टिकली पाहिली. घामानं त्याचा चष्मा खाली घसरला.

"हे रोज करता, अण्णा?"

"रोज. कालचा दिवस सोडून. या गल्लीत चोर कुणी नाही. असंल तर मी हाय."

आता नूतनचा बांध फुटला. ती साळवीसमोर जाऊन उभी राहिली. "एकसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याच्या मनगटापुढं तुमची मोटर हरली," ती म्हणाली. "हरू दे. पण हरल्यावर जिंकले म्हणून लिहून देते, आणि तुम्ही त्यावर माणसांच्या घरात पहारी घालता. लिहा कारण. चुकीचा ड्रायव्हर, असं लिहा."

साळवीनं टॅबलेट तिच्यापुढं धरला. त्यावर कारणं तीनच होती. गळती. चोरी. व्हॉल्व्हशी छेडछाड. चौथं कारण नव्हतं, आणि नवं लिहायला जागा नव्हती. मशीन चुकू शकतं हे मशीनला कुणी शिकवलंच नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला की ड्रायव्हरबद्दल तो वर वेगळं पत्र लिहील, स्वतःच्या सहीनं. पण आत्ता यातलं एक निवडलं नाही तर पाच मिनिटांत मशीन स्वतःच चोरी धरील.

"दाबा की," अण्णा म्हणाले. "तिसरं दाबा."

त्यानं तिसरं दाबलं. नाव विचारलं गेलं, त्यानं भरलं. रंगारी गल्लीचा वेळ त्याच क्षणी परत एक तास झाला. चाळीस घरांचे नळ वाहत राहिले आणि एकेचाळिसाव्या घरात, नूतनच्या मोरीत, नळानं घरघर केली आणि तो बंद पडला. साळवीनं चावी मागितली. अण्णांनी गोणपाटात गुंडाळून, गाठ मारून, त्याच्या हातात दिली.

घरी येऊन अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. नूतन कळशी घेऊन उभी होती आणि कळशी कुठं न्यायची हे तिला कळत नव्हतं. गल्लीतली निम्मी माणसं अण्णांना शिव्या घालत होती, निम्मी साळवीला, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली होती.

दारात पावलं वाजली. कमरू होती. कमरेवर भरलेला हंडा. तिनं तो उंबऱ्याच्या आत ठेवला आणि पदरानं हात पुसले.

"हे अण्णांसाठी," ती म्हणाली. फरशी खणल्यापासून पहिल्यांदा बोलली. "तुझ्यासाठी नाही. रोज आणीन, पाच वर्षं."

नूतननं कळशी खाली ठेवली. म्हणाली, "फरशी मी बसवून देते."

"देते काय? बसवायचीच आहेस," कमरू म्हणाली. "गवंडी आणायचा नाही. स्वतःच्या हातानं बसव. आणि सगळ्या गल्लीसमोर बोललीस ना, तशी सगळ्या गल्लीसमोर बसव."

दुसऱ्या दिवशी चार वाजता पाणी आलं. नूतन कमरूच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून सिमेंट कालवत होती, कमरू ओट्यापाशी हाताची घडी घालून उभी होती, आणि दारात सगळी गल्ली बघत होती.